दातावरची खाच

डॉक्टरसाहेबांचं नाव मी सांगणार नाही. त्यांचे विद्यार्थी अजून मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेत, आणि नाव घेतलं तर त्यांना वाटेल की मी त्यांच्या गुरूला फार महत्त्व देतोय. तेवढंही महत्त्व मला द्यायचं नाही.

१९५४ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं चौलच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यात उतरलो. साहेब विलायतेहून मानववंशशास्त्र शिकून आलेले, आणि मी त्यांचा मोजणी-कारकून. मी बोर्ली पंचतनचा, कुणब्याचा मुलगा, घराण्यातला पहिला बी.ए. माझं नाव भागोजी. साहेबांना ते नाव चारचौघांत तोंडात घ्यायची लाज वाटायची, म्हणून ते मला 'मिस्टर बी.' म्हणत. मीही ओ देत असे. तेव्हा मला त्यात बढती मिळाल्यासारखं वाटायचं, इतका मी मूर्ख होतो.

काम होतं लोकांची डोकी मोजायचं. शाळेच्या ओट्यावर खुर्ची मांडायची, माणसाला बसवायचं, साहेबांनी लोखंडी कर्काटकाच्या दोन टोकांत त्याचं डोकं कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत धरायचं आणि आकडा म्हणायचा. मग रुंदी. रुंदीला लांबीनं भागून शंभरानं गुणलं की माणूस लांबडोक्या का रुंदडोक्या ते ठरलं. नाकाचंही तसंच. कानाची पाळी चिकटलेली का लोंबती, डोळ्याचा रंग कोणता, कातडी कोणत्या छटेची, असे एकूण पंचवीस रकाने होते. वाड्यातल्या लोकांनी त्याचा आपल्यापरीनं अर्थ लावला होता. स्वराज्य आलंय, सरकार टोप्या शिवणार आहे. नाकं मोजायला लागलो तेव्हा म्हणाले, चष्मेही देणार.

साहेब 'डॉक्टर' म्हटल्यावर पहिल्याच दिवशी चार कोळणी खोकणारी पोरं घेऊन आल्या. साहेब म्हणाले, मी तसला डॉक्टर नव्हे. मग कसला, असं विचारल्यावर म्हणाले, हाडांचा. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला झोळीत घालून आणलं, त्याचा पाय मोडला होता. साहेबांनी त्याच्या पायाकडे पाहिलंही नाही, पण आलाच आहे तर डोकं मोजून घेतलं.

शास्त्राला मी हसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं की माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचे हात मोकळे झाले, त्या हातांनी त्याने काम केलं, आणि ते काम त्याच्या हाडांवर उमटत गेलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. माझ्या आजीच्या घोट्याची हाडं लावणीत उकिडवं बसून बसून कशी झिजली असतील, याचा मी वर्गात बसून विचार करत होतो. हाडात माणसाचं आयुष्य लिहिलेलं असतं आणि ते वाचता येतं, याहून मोठी गोष्ट मला त्या वयात कोणी सांगितली नव्हती. मी साहेबांच्या मागे आलो तो त्यासाठी. साहेब मात्र शास्त्रात आले होते ते फोटो छापून येतो म्हणून.

दहाव्या दिवशी रावजी नावाचा एक माणूस ओट्यावर आला. खाडीच्या बांधाला भगदाड पडलं होतं, त्याची दुरुस्ती चालली होती, आणि चिखल खणताना त्याला एक कवटी सापडली होती. जबड्यासकट. साहेबांना डोकी लागतात असं ऐकून तो ती पंच्यात गुंडाळून घेऊन आला होता. कवटी काळीभोर होती आणि दात जवळजवळ सगळे जागेवर होते.

साहेबांनी ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. ते कवटी घेऊन आत गेले आणि मी रावजीला विचारलं, "किती खोल होती?"

"कंबरंइतका खड्डा केला तवा लागली."

"बाकीची हाडं?"

"व्हती काय काय. चिखलाबरोबर बांधात घातली."

"आणि खाली काय होतं?"

"कौल व्हतं. मंगलोरी. फुटकं. त्येच्यावरच तर बसला व्हता बाबा," रावजी म्हणाला आणि हसला.

मी ते सगळं वहीत लिहिलं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. मंगलोरी कौलांचे कारखाने निघून शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. म्हणजे हे गृहस्थ कौलानंतर आलेले. साहेबांनी वही वाचली, त्या ओळीवर लाल शाईची रेघ मारली आणि म्हणाले, "मिस्टर बी., हे कौल कशाला?"

"खाली सापडलं, साहेब."

"त्या अडाण्याला काय कळतं कुठे काय सापडलं? मला थर शिकवू नकोस."

संध्याकाळपर्यंत साहेबांनी ठरवूनसुद्धा टाकलं. रंग काळा, म्हणजे हाडाचा दगड झालेला. भुवईवरचा उंचवटा जाड. दात सपाट झिजलेले. वय कमीत कमी दहा हजार वर्षं. नाव 'चौल-मानव', आणि त्याचं लॅटिन बारसंही झालं, त्यात शेवटी साहेबांचं आडनाव होतं. खाडीच्या चिखलात वल्हं पावसाळाभर पडलं तरी कोळशासारखं होतं, हे तिथल्या कुठल्याही कोळणीनं सांगितलं असतं. पण कोळणीला विचारायचं कोणी?

"इंग्रजांनी चाळीस वर्षं जगाला फसवलं," साहेब खोलीत येरझारा घालत म्हणत होते. मागच्याच वर्षी विलायतेतल्या एका जगप्रसिद्ध कवटीचं बिंग फुटलं होतं. माणसाच्या कवटीला माकडाचा जबडा रंगवून लावलेला निघाला होता. "त्यांचा पूर्वज खोटा निघाला. आता त्यांच्या नाकावर टिच्चून खरा आपण देणार. स्वतंत्र भारत देणार!"

अलिबागला माणूस पाठवून मुंबईला तार केली. चार दिवसांनी वर्तमानपत्राचा माणूस आणि फोटोग्राफर येणार असं ठरलं.

त्या जबड्यात साहेबांना सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एक खाच. वरच्या उजव्या सुळ्याच्या कडेला एक गुळगुळीत चर पडलेला होता, आत सुतळी बसेल एवढा. साहेब म्हणाले, हा माणूस दातांचा हत्यारासारखा उपयोग करत असला पाहिजे. चामडं दातात धरून सोलत असेल, वेली ओढत असेल. रानटी अवस्था. ते बोलत होते आणि खिडकीबाहेर, चाळीस पावलांवर, वाळूत वीस माणसं रांगेत बसून जाळी दुरुस्त करत होती. एका हातात लाकडी सुई, दुसऱ्या हातात जाळं, आणि ओढून धरलेला दोरा दातांत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आम्ही त्या वाड्यात एकशेबारा पुरुषांची डोकी मोजली होती आणि एकाचंही तोंड उघडून पाहिलं नव्हतं. कारण पंचवीस रकान्यांत दाताचा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूत जाऊन बसलो. विडी ओढत, गप्पा मारत, हसणाऱ्यांच्या तोंडांत बघत राहिलो. प्रत्येकाच्या दाताला खाच होती. फक्त ती डाव्या बाजूला होती. सुई उजव्या हातात, म्हणून दोरा डाव्या दाताशी. आमच्या चौल-मानवाची खाच उजवीकडे. हे कोडं तेवढं सुटलं नाही. बाकी सगळं मला तिथंच कळून चुकलं होतं.

आणि मी मूग गिळून बसलो. माझी नोकरी तात्पुरती होती. कायम करायची शिफारस आणि पुढे विलायतेची शिष्यवृत्ती, दोन्ही कागदांवर एकच सही लागणार होती. दुसऱ्याच्या भ्याडपणाबद्दल लिहिताना माणसाला शब्द सुचतात. स्वतःच्या बाबतीत 'परिस्थिती' हा एकच शब्द आठवतो. मलाही तेव्हा तोच आठवला.

सोनूबाई आमच्याकडे रोज मासळी द्यायला यायची. पस्तिशीची, काटक, तोंडानं फटकळ. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातभर हिरव्या बांगड्या. वाड्यातल्या बायका तिच्या त्या कुंकवाकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, हे मी पाहिलं होतं. त्याचं कारण मला रावजीनं सांगितलं.

तिचा नवरा कान्हा नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी छोटी होडी घेऊन एकटाच खाडीतलं जाळं बघायला गेला होता. होडी मिळाली, तो मिळाला नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतली केसर नावाची बाई मुंबईला निघून गेली. झालं. लोकांनी दोन्ही टोकं घेतली आणि गाठ मारली. कोळी जमातीचा प्रमुख बाळाजी पाटील तर शपथेवर म्हणाला, मी कान्हाला भाऊच्या धक्क्यावर डोळ्यांनी बघितला. सोनूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, माझा नवरा मेलाय, मला त्याचं करू द्या. पण पाटलानं सांगितलं, जित्याचं दहावं घालून जमातीला पाप लावायचं नाही. बारा वर्षं वाट बघ, मग बघू. तेव्हापासून ती टाकलेली बाई म्हणून जगत होती. कुंकू तिनं ठेवलं नव्हतं. तिच्या कपाळी ते लादलं होतं. ती समोरून गेली की वेणूबाई नावाची तिची जाऊ मोठ्यानं विचारायची, "काय गं, मुंबईची चिठ्ठी आली काय?" आणि दर वेळी बायका हसायच्या. नऊ वर्षं एकच विनोद. आम्ही शहाणी माणसं तरी काय, पंचवीस वर्षं एकच व्याख्यान देतो.

त्या दिवशी ती मांदेली घेऊन आली तेव्हा कवटी टेबलावर माझ्या टॉवेलवर ठेवलेली होती. साहेब मागच्या खोलीत लेख लिहीत होते. ती टोपली खाली ठेवायला वाकली आणि तशीच राहिली. मग टेबलाजवळ आली. हात लावला नाही.

"ह्यो कोन?"

"फार जुना माणूस आहे. दहा हजार वर्षांपूर्वीचा," मी म्हणालो.

ती आणखी जवळ वाकली. तिचे डोळे त्या सुळ्यावर होते.

"ह्यो कान्हा हाय," ती म्हणाली. "माजा घोव."

"कशावरून?"

"दात बघ ना दादा. दोरा उजवीकडं हाय. आमच्या वाड्यात डावखुरा येकच व्हता. डाव्या हातात सुई, उजव्या दातात दोरा. सासू बोलायची, उलट्या हाताचं जाळं, मासं बी उलटं पळतील." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "नव वर्सं बोलतंय मी. खाडीतच हाय बोलतंय. कोन ऐकल?"

माझं उरलेलं कोडं तिनं एका वाक्यात सोडवलं होतं. ना कर्काटक, ना पंचवीस रकाने. साहेबांच्या सगळ्या आयुष्यात त्यांच्या टेबलाशी एवढं नेमकं शास्त्र कोणी बोललं नसेल, आणि ते मासळीच्या टोपलीशेजारी उभं राहून बोललं गेलं.

"मना द्या त्याला," ती म्हणाली. "आग देतंय."

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. मी त्यांना सांगितलं, बाई काय म्हणतात ते. साहेब दयाळूपणे हसले. त्यांच्या त्या दयाळूपणाइतकी मला त्यांच्या कशाचीच चीड येत नसे.

"बाई, हा तुमचा नवरा नाही. हा तुमचा, माझा, सगळ्यांचा पूर्वज आहे."

"सगळ्यांचा हाय, तर मंग येवढ्या जनांत याला आग कुनी कशी दिली न्हाय?"

साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले. सोनूबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण ते कसल्या सुरात म्हटलं ते तिला कळलं. तिनं टोपली उचलली आणि ती तडक बाळाजी पाटलाकडे गेली.

पाटील पेचात सापडला. कवटी कान्हाची निघाली तर भाऊच्या धक्क्यावर त्यानं कोणाला बघितलं होतं? पण असली माणसं पेचातून वाट काढण्यात पटाईत असतात. त्यानं निवाडा साहेबांवर ढकलला. साहेब शिकलेला माणूस, तो म्हणेल ते जमात मानेल. साहेबांना तर हेच हवं होतं. वर्तमानपत्राचा माणूस यायच्या आत गावाला शहाणं करून सोडू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता वाळूत सगळा वाडा जमला. जाळी रंगवायचे दिवस होते. तिथं शेजारीच तीन दगडांच्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा चढवलेला, त्यात ऐनाची साल उकळत होती. त्या लाल पाण्यात जाळी बुडवून काढली की खाऱ्या पाण्यात टिकतात. खाली मोठी लाकडं धडधडत होती. साहेब कोट घालून आले होते. एका बाजूला टेबल, त्यावर कवटी, आणि दोन वल्ह्यांना अडकवलेला कापडी नकाशा. त्यावर डावीकडून उजवीकडे सहा आकृत्या, पहिली पार वाकलेली, शेवटची ताठ.

साहेब अर्धा तास बोलले. माणूस झाडावरून उतरला. दोन पायांवर उभा राहिला. मेंदू वाढला, जबडा लहान झाला, दात बारीक झाले. ते खोटं बोलत नव्हते, हे मला म्हटलंच पाहिजे. लाखो वर्षांची गोष्ट होती आणि ती खरी होती. पण ते ती अशी सांगत होते, जणू काही त्या सहा आकृत्यांत शेवटची त्यांची स्वतःची आहे आणि समोर बसलेली माणसं तिसऱ्या-चौथ्यात आहेत. एका म्हातारीनं पहिल्या आकृतीकडे बोट करून विचारलं, "ह्यो मासळीची टोपली उचलतोय काय?" लोक हसले. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

शेवटी बाळाजी पाटलानं विचारलं, "ते समदं खरं साहेब. पन ह्यो कान्हा हाय का न्हाय?"

"नाही," साहेब म्हणाले. "हे हाडसुद्धा राहिलेलं नाही. दहा हजार वर्षांत याचा दगड झाला आहे."

"आयकलं?" पाटील सगळ्यांकडे बघत म्हणाला, आणि त्याच्या छातीवरचा भार उतरलेला दिसला. "म्हंजे कान्हा मुंबईला हाय. जित्याचं दहावं न्हाय व्हनार."

मागून वेणूबाई म्हणाली, "चिठ्ठी टाक गं सोनू त्याला. बोल, तुजा दगुड झाला." पुन्हा सगळे हसले.

सोनूबाई उभी राहिली. ती पाटलाशी बोलली नाही, साहेबांशीही नाही. तिनं माझ्याकडे हात केला.

"ह्या दादाला इचारा. ह्यानं रावजीला कौलाचं इचारलं. ह्यानं आमच्या मानसांची तोंडं बघितली, विडीच्या निमतानं. ह्याला ठावं हाय. बोल दादा."

पाचशे डोळे माझ्यावर आले. माझ्या मांडीवर वही होती, त्यात लाल रेघेखाली ते कौल होतं. मला फक्त ती ओळ वाचून दाखवायची होती. पाच-सहा शब्द. साहेब माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते; ते खिशातून चष्म्याचं घर काढत होते. माझ्याविषयी त्यांना इतकी खात्री होती.

"साहेब म्हणतात तेच बरोबर आहे," मी म्हणालो.

सोनूबाईनं मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकानं हलका भाव सांगितल्यावर हलवावी तशी. मग ती टेबलापाशी गेली.

"दगड हाय ना, साहेब?"

"हो."

"मंग दगडाला काय व्हतंय?"

तिनं दोन्ही हातांनी कवटी उचलली, जबडा पदरात घेतला, सहा पावलं चालली आणि हंड्याखालच्या जाळात दोन्ही आत ठेवलं. फेकलं नाही. हात भाजेपर्यंत आत नेऊन ठेवलं.

साहेब किंचाळले. "मिस्टर बी.! काढ! काढ ते बाहेर!" ते धावत चुलीशी गेले, धगीनं मागे आले, पुन्हा गेले. मी उठलो होतो, पण चुलीकडे गेलो नाही. कोणीच गेलं नाही. पाणी कोणी आणलं नाही. साहेब एकटेच लाकडं ओढायला बघत होते आणि लाकडं त्यांना दाद देत नव्हती.

आणि मग वास आला.

आमच्या शास्त्रात एक साधी परीक्षा आहे. हाड जुनं का नवं ते कळत नसेल तर त्याचा कपचा विस्तवावर धरायचा. नवं असेल तर केस जळल्याचा वास येतो, कारण त्यात अजून माणूस शिल्लक असतो. हजारो वर्षांत दगड झालेल्याला कसलाच वास येत नाही. साहेबांनी ती परीक्षा केली नव्हती, कारण उत्तर त्यांनी आधीच तारेनं कळवलं होतं. वाळूत बसलेल्या माणसांनी पुस्तक वाचलं नव्हतं. पण त्यांच्यातल्या प्रत्येकानं कोणाला ना कोणाला पोचवलेलं होतं, आणि तो वास त्यांतल्या पुरुषांना तरी ओळखायला दुसऱ्या श्वासाची गरज नव्हती.

वाऱ्यानं तो सगळ्यांवरून एकदा नेला. बाळाजी पाटलानं डोक्यावरची लाल टोपी काढली. टोपी काढून तो ती हातात कुस्करत राहिला आणि वर बघेना. भाऊच्या धक्क्यावरचा कान्हा त्याच्या समोर जळत होता.

वेणूबाईनं गळा काढला. तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघींनी सूर धरला.

"गप," सोनूबाई म्हणाली. ती मोठ्यानं बोललीच नाही, पण सगळ्या गप्प झाल्या. "नव वर्सं हसलीस ना वेणू? आता रडू नको. रडाया मी हाय."

मग तिनं तिथल्याच एका दगडावर बसून स्वतःच्या बांगड्या फोडल्या, आधी एका हातातल्या, मग दुसऱ्या. ते काम बायकांनी करायचं असतं, पण तिनं एकीलाही जवळ येऊ दिलं नाही. पदरानं कपाळ पुसलं. मी आजवर कोणा बाईला विधवा होताना इतकी ताठ बसलेली पाहिली नाही. तिच्या तोंडावर दुःख होतंच, पण त्याच्याही वर काहीतरी होतं. तिला टाकून कोणी गेलेलं नव्हतं, आणि ते आता सगळ्यांच्या नाकात शिरलं होतं.

साहेब कोटाची जळकी बाही धरून शाळेकडे निघून गेले. पुढे त्यांनी लेख छापलाच. 'अज्ञानी जमावाच्या अंधश्रद्धेमुळे जगाला एका अमूल्य नमुन्याला मुकावं लागलं' असं त्यात होतं, आणि आभाराच्या शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. मला कायमही केलं. कौलाची वही कुठे गेली ते मी विचारलं नाही.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. लोक हळूहळू मागे सरले आणि मी तिथंच उभा राहिलो. सोनूबाईनं माझ्याकडे बघितलं.

"वास आला?"

"आला," मी म्हणालो.

"कसला?"

"माणसाचा. हाड नवं आहे. दहा हजार वर्षं नाही, दहासुद्धा नसतील." एकदा तोंड उघडल्यावर माझं ते थांबेना. "खाली मंगलोरी कौल होतं, मी लिहून ठेवलंय. खाच दोऱ्याची आहे. उजवीकडे, म्हणजे डावखुराच. तुम्ही म्हणालात ते सगळं बरोबर होतं."

"आता बोललास," ती म्हणाली.

रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावण्याइतकाही मी तिचा कोणी नव्हतो. ती उठली. हंड्याखालची लाकडं बसत आली होती आणि कवटी अजून पुरती जळायची होती. शेजारी जळणाचा ढीग होता. त्यातला एक चांगला जाड ओंडका मी उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला नाही. माझ्या बाजूनं वळसा घालून ती ढिगाशी गेली आणि वाकून दुसरा उचलला.